मातीपासून सुरू होणारी खोली

नव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत कर्नाटक सरकारने ‘भूमी’ प्रकल्पाखाली राज्यातल्या तेव्हाच्या १७७ तालुक्यांतील जमिनीच्या नोंदी संगणकावर चढवल्या. सुमारे दोन कोटी पहाण्या (म्हणजे जमिनीचे उतारे) आणि ६७ लाख शेतकरी एवढा त्याचा पसारा होता. राजीव चावला या सनदी अधिकाऱ्याने ते काम तडीस नेले. तालुका कचेरीच्या खिडकीवर १५ रुपयांत पहाणी मिळू लागली, शेतकऱ्याकडे तोंड करून दुसरा पडदा ठेवला गेला, फेरफार करणाऱ्या अधिकाऱ्याच्या बोटाचा ठसा यंत्र ओळखू लागले. या प्रकल्पावर पुढे देशोदेशी लिहिले गेले आणि त्या लेखनाचा भर साहजिकच पारदर्शकतेवर, लाचेवर, तलाठ्याच्या गेलेल्या मक्तेदारीवर राहिला. त्यातला एक निर्णय मात्र आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवावा असा आहे. तालुका संगणकावर आला की हाताने लिहिलेल्या उताऱ्याची कायदेशीर किंमत संपत होती. म्हणजे त्या दिवसापासून औराद, भालकी, बसवकल्याण किंवा आळंदच्या शेतकऱ्याचे पीककर्ज, वाटणीचा कागद, कोर्टातला जामीन हे सगळे कचेरीतल्या एका लहानशा खोलीच्या तब्येतीवर येऊन ठेपले. तलाठ्याचे दप्तर उन्हाळ्यात घामाने भिजले तरी वाचता यायचे. यंत्राला ती सवलत नाही.

जमिनीच्या नोंदी पुढे बंगळुरूच्या राज्य डेटा सेंटरकडे गेल्या, आणि आता तालुक्याला अशा खोलीची गरज उरली नाही असे अनेकांना वाटते. वस्तुस्थिती उलटी आहे. जिल्हा रुग्णालयात एक्स-रे आणि सीटी स्कॅनच्या प्रतिमा साठतात. सहकारी पतसंस्था, साखर कारखाने, डाळ मिल, अभियांत्रिकी महाविद्यालये, कॅमेऱ्यांचे जाळे, यातल्या प्रत्येकाला कुठेतरी एक रॅक उभा करावाच लागतो. ‘भूसुरक्षा’ योजनेत तालुका कचेऱ्यांच्या अभिलेख कक्षांतले जुने कागद स्कॅन होत आहेत आणि त्यांच्या प्रतिमा आधी त्याच इमारतीत जन्माला येतात. बीदर जिल्ह्यात कमलनगर, हुलसूर, चिटगुप्पा आणि कलबुर्गी जिल्ह्यात कमलापूर, काळगी, शहाबाद, यड्रामी हे तालुके नव्याने झाले. त्यांच्या कचेऱ्यांची मांडणी करताना हाच प्रश्न पुन्हा उभा राहतो. माझे म्हणणे असे, की या भागात यंत्र आपणहून क्वचित मरते, त्याला बहुधा खोली मारते. तरीही निविदा लिहिताना प्रोसेसर किती कोअरचा आणि मेमरी किती याला दोन पाने दिली जातात, आणि अर्थिंग, वायरिंग, थंडावा हे सगळे ‘इतर विद्युत कामे’ या एका ओळीत उरकले जाते. हा क्रम उलटा केला पाहिजे. पैसा आधी मातीत, मग तारेत, मग हवेत, मग नोंदींच्या प्रतींमध्ये, आणि उरेल तो यंत्रात घातला पाहिजे.

मातीपासून सुरुवात करायची ती अलंकार म्हणून नव्हे. सर्व्हरच्या धातूच्या पेटीवर साचणारी गळती, यूपीएसच्या फिल्टरमधून उतरणारा प्रवाह, विजेचा अचानक आलेला लोंढा, या सगळ्यांना जमिनीत वाट मिळाली नाही तर ती ते सर्किटमधूनच काढतात. कलबुर्गी जिल्ह्याचा मोठा भाग काळ्या मातीचा आहे. ही माती ओली असताना वीज चांगली वाहून नेते, आणि पावसाळ्यात मोजलेले अर्थिंग कागदावर देखणे दिसते. पण तीच माती उन्हाळ्यात आकसते, हातभर भेगा पडतात, खड्ड्यातल्या पट्टीपासून ती सुटते आणि आकडा कित्येक पटींनी चढतो. बीदर शहर तर जांभ्याच्या पठारावर वसले आहे. तो दगड सच्छिद्र आहे, पाणी पटकन खाली सोडतो आणि वरचा थर कोरडा ठेवतो. तिथे मीठ-कोळशाचा एक उथळ खड्डा करून भागत नाही. खोल इलेक्ट्रोड, एकाहून अधिक खड्डे, ते सगळे एकमेकांना तांब्याच्या पट्टीने जोडलेले, आणि मापन मे महिन्यात. ऑगस्टमध्ये घेतलेला एक ओहमचा दाखला या जिल्ह्यांत काहीच सिद्ध करत नाही. कंत्राटात मापनाचा महिना लिहिणे ही फुकटातली सुधारणा आहे, पण ती मला क्वचितच कुठे दिसते. ‘संगणकाचे अर्थिंग वेगळे आणि इमारतीचे वेगळे’ ही जुनी समजूतही सोडून द्यायला हवी. अर्थिंगचे भारतीय मानक, आयएस ३०४३, सगळी अर्थिंग एकमेकांशी बांधायला सांगते. दोन सुट्या अर्थिंगमध्ये वीज पडण्याच्या क्षणी हजारो व्होल्टचा फरक तयार होतो आणि तो फरक भरून काढण्याचा मार्ग नेटवर्कच्या केबलमधून, म्हणजे स्विचच्या छातीतून जातो.

वीज पडणे ही इथे दूरची शक्यता नाही. एप्रिल-मेमध्ये वळवाच्या पावसात वीज पडून माणसे आणि जनावरे दगावल्याच्या बातम्या दोन्ही जिल्ह्यांतून दरवर्षी येतात. इमारतीवर थेट पडायलाही नको. शेजारच्या खांबावर पडलेली वीज तारेतून आत येते. मुख्य बोर्डावर सर्ज अरेस्टर हवा, रॅकच्या बोर्डावर दुसरा, आणि दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल मुळीच नको. कचेरीच्या जुन्या इमारतीतून आवारातल्या नव्या खोलीकडे जाणारी तार पन्नास मीटरची असली तरी ती फायबरची असावी. काचेतून वीज जात नाही, आणि आज फायबरचा भाव तांब्यापुढे जड वाटावा असा राहिलेला नाही.

यानंतर उष्णता, आणि माझ्या मते सगळ्या मांडणीचा गाभा इथे आहे. यंत्र जेवढी वीज खाते तेवढी सगळी उष्णता होऊन खोलीत उतरते, त्यात एक वॉटचीही सूट नाही. दोन मध्यम सर्व्हर, एक साठवणीची पेटी, एक स्विच, एक फायरवॉल आणि यूपीएसची स्वतःची गळती धरली तर लहान खोलीचा भार साधारण १.२ किलोवॉट होतो. एसीचा एक टन म्हणजे साडेतीन किलोवॉट उष्णता उपसण्याची क्षमता. मग एका टनातही काम भागावे. पण एसीच्या पेटीवर छापलेली क्षमता बाहेर ३५ अंश असताना मोजलेली असते. कलबुर्गीत मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो आणि गच्चीच्या तापलेल्या स्लॅबवर ठेवलेल्या बाहेरच्या युनिटला त्याहूनही गरम हवा मिळते. क्षमता तिथेच घसरते. वरच्या मजल्याची खोली असेल तर स्लॅब रात्री उशिरापर्यंत आत उष्णता सोडत राहतो. म्हणून दीड टनाचे दोन एसी घ्यावेत आणि आलटून पालटून एकच चालवावा. त्यात हौस नाही. घरगुती एसी वर्षभर चोवीस तास चालण्यासाठी बनवलेला नसतो, आणि दुसरा असेल तरच पहिल्याची दुरुस्ती शक्य होते. एसी रॅकच्या डोक्यावर लावू नये, कारण पावसाळ्यात त्याची पाण्याची नळी तुंबते आणि पाणी खाली येते. बाहेरचे युनिट उत्तरेच्या भिंतीला, सावलीत हवे. दुसऱ्या बाजूने, खोली बर्फासारखी ठेवण्याचा हट्टही सोडावा. वातानुकूलन अभियंत्यांची ‘ॲशरे’ ही अमेरिकन संस्था २००८ पासून यंत्राच्या तोंडाशी १८ ते २७ अंश हा पट्टा सुचवते. १८ वर लावलेला एसी या हवामानात सतत धापा टाकतो आणि लवकर मरतो. २५ अंशांवर यंत्र सुखात राहते आणि बिलही आटोक्यात येते.

आता या दोन्ही गोष्टी, वीज आणि उष्णता, एकत्र येतात तो क्षण पाहू. लाईट जाते. यूपीएस सर्व्हर चालू ठेवतो, एसी मात्र बंद पडतो, कारण एसीचा भार बॅटरीवर टाकत नाहीत. दहा बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंचीच्या खोलीत जेमतेम ३७ किलो हवा असते. १.२ किलोवॉटची उष्णता तेवढीच हवा तापवू लागली तर तापमान दर अर्ध्या मिनिटाला एक अंश चढेल. प्रत्यक्षात भिंती आणि शहाबादी फरशी बरीच उष्णता शोषतात, त्यामुळे वेग मंदावतो. पण मेमधल्या दुपारी भिंती आधीच तापलेल्या असतात आणि त्यांच्याकडून फार उदारपणाची अपेक्षा करता येत नाही. दोन तासांचा बॅटरी बॅकअप घेतला म्हणून संस्था निर्धास्त होते, आणि तीच बॅटरी पहिल्या तासातच खोलीला बहुतेक सर्व्हरसाठी सांगितलेल्या ३५ अंशांच्या मर्यादेपलीकडे ढकलते. म्हणून बॅटरीचे तास आणि थंडाव्याचे तास एकाच हिशोबात बसवावे लागतात. जनरेटर असेल तर तो एसीसकट भार उचलेल एवढा, म्हणजे या खोलीपुरता साडेसात ते दहा केव्हीएचा हवा, आणि यूपीएसला वीस मिनिटे पुरेत. जनरेटर नसेल तरी वीस मिनिटेच. बॅटरी उतरू लागली की सर्व्हरने आपले काम आवरून व्यवस्थित बंद व्हावे, अशी सूचना यूपीएसकडून केबलने त्याला मिळाली पाहिजे. आणि वीज परत आल्यावर एसी आपोआप सुरू होतो की नाही, हे विकत घेतानाच तपासावे. रविवारी पहाटे लाईट येऊन-जाऊन परत आली, यूपीएसने सर्व्हर चालू ठेवला आणि एसी कुणीतरी रिमोट दाबण्याची वाट पाहत बंद राहिला, तर सोमवारी सकाळी दार उघडणाऱ्याला भट्टी सापडेल. बॅटरीचे आयुष्य हाही त्याच हिशोबाचा भाग आहे. बंद शिशाची बॅटरी २५ अंशांसाठी बनवलेली असते आणि त्यावर दर दहा अंशांना तिचे आयुष्य साधारण निम्मे होते. पश्चिमेच्या व्हरांड्यात ३५ अंशांत ठेवलेली चार वर्षांची बॅटरी दोन वर्षांत संपते, आणि दोष कंपनीला दिला जातो.

बॅटरी कुठे ठेवायची हा प्रश्न बीदरमध्ये तरी कुणी हलका मानू नये. बहमनी वजीर महमूद गवान याने १४७२ मध्ये इथे मदरसा बांधला. त्याच्या ग्रंथालयात सुमारे तीन हजार हस्तलिखिते होती असे सांगतात. सतराव्या शतकाच्या अखेरीस, औरंगजेबाच्या काळात, त्याच इमारतीत दारूगोळा साठवला गेला आणि स्फोटात तिचा मोठा भाग उडाला. उरलेला एक मनोरा आणि निळ्या-हिरव्या फरशांचे तुकडे आज पाहायला मिळतात. ज्ञानाच्या शेजारी काय ठेवले आहे, यावर ज्ञानाचे आयुष्य ठरले. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियाच्या देजॉन शहरातील सरकारी डेटा सेंटरात लिथियम बॅटऱ्या हलवताना आग लागली. बॅटऱ्या सर्व्हरच्याच खोलीत होत्या. शेकडो सरकारी सेवा थांबल्या आणि कर्मचाऱ्यांच्या कामाच्या फायली ठेवणारी ८५८ टेराबाइटची एक प्रणाली कायमची गेली, कारण तिची दुसरी प्रत कुठेच नव्हती. तालुक्याच्या खोलीत लिथियम असो वा शिसे, बॅटऱ्या वेगळ्या, हवेशीर जागी ठेवाव्यात. पाणी घालायच्या ट्यूब्युलर बॅटऱ्या तर चार्ज होताना हायड्रोजन सोडतात. त्यांना सर्व्हरशेजारी बंद खोलीत जागा नाही. डिझेलचे कॅन, जुन्या फायलींचे गठ्ठे, रंगाचे डबे यांनाही नाही. आग विझवायला कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर हवा; भुकटीचा सिलिंडर आग विझवतो आणि यंत्रेही संपवतो.

जागेबद्दल बाकीचे थोडक्यात. वर स्वच्छतागृह किंवा पाण्याची टाकी नको. तळमजला चांगला, पण जोते उंच हवे. ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेच्या पुराने कलबुर्गी जिल्ह्यात काय केले ते अजून आठवणीत आहे. रॅक जमिनीत बोल्टने पक्का करावा. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप कर्नाटकच्या सीमेजवळच झाला, आणि २०२१ मध्ये चिंचोळी तालुक्यातील गडिकेश्वर परिसर धक्क्यांनी हादरत राहिला. धूळ ही इथली स्वतंत्र गोष्ट आहे. वाडी, सेडम, शहाबादकडे चुनखडीची आणि सिमेंटची, कलबुर्गी शहराच्या डाळ मिलांभोवती तुरीच्या टरफलांची. पंख्यांच्या पात्यांवर आणि हीटसिंकवर तिचा थर बसला की वर केलेला थंडाव्याचा सगळा हिशोब कोसळतो. खिडक्या विटांनी बंद करणे, दाराला रबरी पट्टी, केबलची भोके फोमने भरणे हे स्वस्त उपाय आहेत आणि त्यांनी उंदरांचाही रस्ता बंद होतो. उंच केलेली पोकळ जमीन एका रॅकसाठी नको. तिच्याखाली काय चालले आहे ते कुणी पाहत नाही. शहाबादी फरशी उत्तम.

सगळ्यात वजनदार आक्षेप असा, की क्लाउडच्या काळात हे सगळे कशाला? जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली, आणि तिची रचना सामाईक, क्लाउडवर चालणाऱ्या प्रणालीची आहे. गावच्या सोसायटीने स्वतःचा सर्व्हर थाटू नये हे त्यामागचे तत्त्व मला पूर्ण मान्य आहे. पाच संगणकांच्या संस्थेला सर्व्हर रूमची गरज नाही, आणि ज्यांना गरज नाही त्यांनी ती बांधू नये हाही या लेखाच्या म्हणण्याचाच भाग आहे. पण रुग्णालयाचे, कॉलेजचे, स्कॅनिंग चाललेल्या कचेरीचे गणित वेगळे आहे. एक टेराबाइट माहिती ५० एमबीपीएसच्या लाइनवरून परत उतरवायला, लाइन एकदाही न तुटता, जवळजवळ दोन दिवस लागतात; २० एमबीपीएसवर साडेचार दिवसांहून अधिक. रस्ता रुंदीकरणात जेसीबीने फायबर तोडली की तो हिशोबही राहत नाही. बीदरपासून बंगळुरू सुमारे सातशे किलोमीटर दूर आहे. १९५६ मध्ये जुन्या बीदर जिल्ह्याची तीन राज्यांत वाटणी झाली; उदगीर, निलंगा, अहमदपूर तेव्हाच्या मुंबई राज्याकडे आले आणि भालकी, औराद, हुमनाबाद तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. निजामाच्या काळात हैदराबादला जोडलेल्या या लोकांची सरकारी दप्तराची राजधानी एका रात्रीत बदलली. आपला कागद आपल्यापासून किती दूर ठेवला आहे, हा प्रश्न इथल्या माणसाला शिकवावा लागत नाही. मध्यवर्ती साठवण चुकीची नाही, पण तिच्यापर्यंतची वाट बंद असतानाही खिडकी उघडी राहील एवढी एक प्रत आणि तिला जगवणारी एक खोली जवळ हवी. शिवाय क्लाउड वापरणाऱ्या संस्थेलाही स्विच, राउटर, फायरवॉल आणि यूपीएस कुठेतरी ठेवावेच लागतात, आणि ते त्याच उष्णतेत आणि त्याच मातीवर उभे असतात.

दुसरा आक्षेप पैशाचा. दोन एसी, दोन-तीन अर्थिंगचे खड्डे, सर्ज अरेस्टर, फायबर: लहान संस्थेला हे झेपेल का? उत्तर क्रमात आहे. बहुतेक लहान संस्था गरजेच्या दुप्पट-तिप्पट ताकदीचा सर्व्हर घेतात, कारण तो पाच वर्षे पुरला पाहिजे अशी धास्ती असते, आणि विक्रेत्याचाही नफा त्यातच असतो. एक पायरी लहान सर्व्हर घेऊन वाचलेल्या रकमेत वरची बहुतेक कामे बसू शकतात. पाच वर्षांनी सर्व्हर भंगारात जाईल, अर्थिंग आणि बंद केलेल्या खिडक्या पुढच्या तीन सर्व्हरांना उपयोगी पडतील.

आणि प्रती. दोन डिस्कवर एकच मजकूर लिहिणारी रेडची रचना म्हणजे बॅकअप, हा गैरसमज फार खोल आहे. पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी पुसली जाते. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचे सर्व्हर खंडणीखोरांनी कुलूपबंद केले, आणि देशातल्या एका नामवंत रुग्णालयाला कित्येक दिवस कागद-पेनवर काम करावे लागले. जोडलेली प्रत मुळाबरोबर जाते. सुटी करून कपाटात ठेवलेली प्रत वाचते. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या गावात, हा जुना नियम इथे सहज पाळता येतो. बीदर-कलबुर्गी रेल्वे २०१७ मध्ये सुरू झाली. दोन्ही शहरांत शाखा असलेल्या संस्थेला दर आठवड्याला कुलूपबंद, संकेताने झाकलेली डिस्क एका शहरातून दुसऱ्या शहरात पाठवणे कोणत्याही क्लाउडपेक्षा वेगवान पडेल. सहा महिन्यांतून एकदा ती डिस्क कोऱ्या यंत्रावर उतरवून पाहावी, आणि किती तास लागले ते वहीत लिहावे. ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी यंत्रांच्या १८० दिवसांच्या नोंदी (लॉग) जपणे आणि हल्ल्याची खबर सहा तासांत देणे बंधनकारक केले आहे. ज्याने एकदाही प्रत उतरवून पाहिलेली नाही, त्याला हे सहा तास कसे सरले ते कळणारही नाही.

शेवटचा आक्षेप माणसांचा आहे आणि तो खरा आहे: खोली बांधली तरी सांभाळणार कोण? कंत्राटी ऑपरेटर बदलतो, अधिकाऱ्याची बदली होते, देखभाल कंत्राटाचा (एएमसीचा) माणूस हैदराबादहून किंवा सोलापूरहून यायला दिवस लावतो. पण हे जिल्हे तांत्रिक शिक्षणात उपाशी नाहीत. कलबुर्गीचे पीडीए अभियांत्रिकी महाविद्यालय १९५८ चे आहे, बीदर आणि भालकीत अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, आळंद तालुक्यात कडगंचीला २००९ पासून केंद्रीय विद्यापीठ आहे. आयटीआयतून दरवर्षी वायरमन बाहेर पडतात. खोली साधी ठेवली तर तिची देखभाल हे विशेषज्ञाचे काम राहत नाही. एप्रिलच्या सुरुवातीला एसीचे फिल्टर आणि गॅस, मेमध्ये अर्थिंग, जूनपूर्वी छत आणि पन्हाळी, दर महिन्याला जनरेटर पूर्ण भारावर अर्धा तास, दर दोन वर्षांनी बॅटरीची चाचणी. रॅकमधल्या प्रत्येक केबलला दोन्ही टोकांना चिठ्ठी असावी, आणि दाराच्या आतल्या बाजूला खोली बंद आणि चालू करण्याचा क्रम कन्नड, मराठी आणि इंग्रजीत लावलेला असावा, कारण लाईट गेलेल्या रात्री तिथे पोहोचणारा माणूस बहुधा रखवालदारच असतो. किल्ली दोन जणांकडे, तापमानाचा इशारा तिघांच्या मोबाइलवर. या कामांसाठी वार्षिक अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्ष हवे, सर्व्हरच्या खरेदीत मिसळलेले नको. खरेदी एकदाच होते, आणि मे महिना दरवर्षी येतो.